योहानाबाईंचे पाच महिने

आज मी जो काही आहे तो कुणामुळे, असं कुणी विचारलं तर आई-दादांनंतर मी एकच नाव घेतो: योहाना ब्राउवर. बाई मूळच्या हॉलंडच्या, झीलंड प्रांतातल्या. तिथली बरीचशी जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि बांध घालून राखलेली आहे. इंग्लंडमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. नवरा मेडनहेडचा, इंग्रज. पण बोलणं, जेवणं, पाहुण्याला घरात घेणं, सगळं शेवटपर्यंत डचच राहिलं.

मेडनहेडमधल्या एका लहान कंपनीत आम्ही पावसाच्या पाण्याचा निचरा बघायचो. नवीन वसाहत बांधायची असली की तिथलं पाणी कुठून येईल, कुठे जाईल, कुठे तुंबेल, याची आकडेमोड करून अहवाल द्यायचा. बाई माझ्या वरिष्ठ होत्या. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, म्हणून तोंडावर मीही 'योहाना' म्हणायचो. मनात मात्र 'योहानाबाई'. एकदा ते तोंडून निसटलं. त्यांनी लगेच 'बाई'चा अर्थ विचारला.

"शाळेतल्या शिक्षिका," मी म्हणालो.

"मी शिक्षिका नाही. मी तुझ्या चुका काढते."

"आमच्या शाळेत बाई तेच करायच्या," मी म्हणालो. त्या हसल्या. मोठ्यानं, मान मागे टाकून, पूर्ण दात दाखवून. इंग्लंडमध्ये मी इतकं उघडं हसणं त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही.

साठीला आलेल्या, उंच, पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले. काळी, जडशीळ डच सायकल, जिला हँडलवर ब्रेक नाही. पायडल उलटं मारलं की थांबते. पाऊस असो, बर्फ असो, ऑफिसला त्याच सायकलवर. माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकदा संध्याकाळी तिची चेन उतरलेली दिसली. मी खाली बसून काडीनं चेन दातांवर चढवली. दोन मिनिटांचं काम.

"कुठे शिकलास?"

"माझ्या वडिलांचा बिझनेस आहे."

"कसला?"

"सायकलींचा."

"विकतात?"

"दुरुस्तही करतात."

"म्हणजे दुकान आहे."

"लहानसं. खरं म्हणजे पंक्चर काढतात. बस स्टँडच्या बाहेर."

बाईंनी सायकल उभी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "चार प्रश्न लागले. पहिल्याच उत्तरात का नाही सांगितलंस?"

जिंतूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून नांदेडला इंजिनिअरिंग, तिथून मँचेस्टरला एम.एस्सी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मँचेस्टरमध्ये मी सगळ्यांना 'बिझनेस'च सांगत आलो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "प्रल्हादचे वडील सायकल दुरुस्त करतात आणि त्यालाही ते येतं. कुणाचे ब्रेक वाजत असतील तर त्याला विचारा." माझे कान तापले. पण कुणी हसलं नाही. शुक्रवारपर्यंत तीन सायकली माझ्या टेबलाशेजारी उभ्या होत्या. तेव्हापासून मी 'बिझनेस' म्हटलेलं नाही.

दुपारचं जेवण म्हणजे त्यांच्याकडे पावाचे दोन तुकडे, एकावर चीज आणि दुसऱ्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, लहान मुलांच्या केकवर टाकतात तसले. साठीची बाई ते दाणे सांडू न देता गंभीरपणे खायची. आणि सोबत ग्लासभर ताक. आमचे इंग्रज साहेब ग्रॅहम त्या ताकाकडे औषधाकडे बघावं तसं बघायचे. मला पहिल्या दिवशी ते दिसलं तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी त्यात मीठ आणि जिऱ्याची पूड घालून त्यांना दिलं. त्यांनी एक घोट घेतला, विचार केला, आणि निकाल दिला: "हे चुकीचं आहे. पण चांगलं आहे."

त्यांचं सगळं असं होतं. ग्रॅहमना एखादा अहवाल फाडून टाकावासा वाटला तर ते म्हणायचे, "छान आहे, एक-दोन लहान मुद्दे आहेत." योहानाबाई म्हणायच्या, "हे वाईट आहे. सातव्या पानापासून पुन्हा कर." पहिल्या महिन्यात मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आलो. मग कळलं की सातव्या पानापासून म्हटलं म्हणजे पहिली सहा पानं खरोखर चांगली असतात. त्यांच्या बोलण्यातून काही वजा करावं लागत नसे आणि काही मिळवावंही लागत नसे.

आमच्या अहवालात शेवटी एक रकाना असतो: 'तपासलं'. त्याखाली सही. एका वसाहतीच्या कामात मी तिथे सही करून अहवाल त्यांच्याकडे दिला. त्यांनी विचारलं, "नदीकडच्या गटाराचं तोंड तू बघितलंस?"

"नकाशा नीट बघितला."

"मी तो प्रश्न विचारला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमझिम पावसात आम्ही दोघं सायकलवर तिथे गेलो. गटाराचं तोंड कुणीतरी कधीच विटांनी बुजवून टाकलेलं होतं. नकाशात ते उघडं होतं. बाई चिखलात उकिडव्या बसल्या, विटांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझी आई लहान असताना आमच्या गावचा बांध फुटला. बांध तपासला आहे असं कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. तिचे दोन भाऊ गेले. मी रागावलेली नाही, प्रल्हाद. मी फक्त सांगते आहे की ही सही म्हणजे काय."

घराच्या बाबतीतही माझी एक फजिती झाली. दिवाळीत आईनं पाठवलेले अनारसे घेऊन मी एका रविवारी संध्याकाळी सहाला न सांगता त्यांच्या दारात उभा राहिलो. बाहेरून सगळं घर दिसत होतं, कारण बाई खिडक्यांना पडदे लावत नसत. टेबलावर वाफाळणारे बटाटे, समोर नवरा पीटर, हातात काटा. बाईंनी दार उघडलं.

"प्रल्हाद! काही झालं का?"

"नाही, सहज आलो. दिवाळी आहे."

"आम्ही जेवतोय. साडेसातला ये." आणि दार लागलं.

मी रस्त्यावर उभाच. आमच्या गावात दारात आलेल्या माणसाला जेवणाच्या वेळेला परत पाठवलं तर तीन पिढ्या ते विसरत नाहीत. हातात अनारशांचा डबा घेऊन मी थेम्सच्या काठानं चालत राहिलो. परत जायचं नाही असं दोनदा ठरवलं. तरी साडेसातला दार वाजवलं. आत कॉफी तयार, मेणबत्ती लावलेली, आणि बाईंच्या चेहऱ्यावर निखळ आनंद. पीटर बिचारे शरमेनं लाल झालेले, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आय ॲम सो सॉरी." बाईंना त्यांचा सॉरी कळेना. "सहाला घेतलं असतं तर माझं लक्ष बटाट्यांकडे राहिलं असतं," त्या म्हणाल्या. "आता साडेनऊपर्यंतचा वेळ पूर्ण तुझा आहे. सांग, दिवाळी म्हणजे काय?" आणि खरंच, दोन तास त्यांनी फोनकडेही पाहिलं नाही. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांच्या संडासात मला भिंतीवर एक कॅलेंडर दिसलं. त्यावर वार नव्हते, नुसत्या तारखा आणि पुढे माणसांची नावं. त्यांच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस असेच तिथे टांगतात. रोज नजरेस पडतं, त्यामुळे कुणी विसरलं जात नाही. मी बाहेर आलो तर बाई पेन घेऊन तयार. "तुझी तारीख?"

"एक जून."

"खरी?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला एक जून लावून टाकली होती. मी म्हणालो, "नाही. खरी माहीत नाही." त्यांना हे पटेना. लगेच आईला फोन लावायला सांगितला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. आई घाबरूनच बोलली. मी विचारलं, माझा जन्म कधीचा.

"पोळ्याच्या करीला झालास की रे. का? कुणी विचारलं?"

"मॅडम कॅलेंडरवर नाव लिहितायत. त्यांच्या संडासात टांगलेलं असतं."

आई म्हणाली, "संडासात? आन् तू लिहू देतूस?"

योहानाबाईंनी मात्र पोळा म्हणजे काय, तो कोणत्या अमावास्येला येतो, हे माझ्याकडून काढून घेतलं, संगणकावर त्या वर्षीची अमावास्या शोधली, पुढचा दिवस धरला आणि शाईच्या पेनानं ऑगस्टच्या पानावर 'प्रल्हाद' लिहिलं. पुढच्या ऑगस्टमध्ये माझा पहिला खरा वाढदिवस झाला. सव्विसावा.

पुढच्या वसंतात त्या मला आपल्या गावी घेऊन गेल्या. त्यांच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस होता. व्हिसाची फाइल करताना मला हजार कागद जोडावे लागले. त्यांनी निमंत्रणाच्या पत्रात एकच वाक्य लिहिलं होतं: 'हा माझा सहकारी आहे आणि त्यानं बांध बघितला पाहिजे.' आम्ही हार्विच बंदरातून दिवसाच्या बोटीनं गेलो, दोघांच्या सायकली बोटीच्या तळमजल्यावर दोरीनं बांधून. बाई कधी विमानानं गेल्या नाहीत. "समुद्र किती मोठा आहे हे प्रत्येक वेळी बघायला पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

वाढदिवस वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात होता. खुर्च्या गोल मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण आधी म्हाताऱ्या आजींचं अभिनंदन करायचा आणि मग गोलातल्या एकेकाचं: मुलीचं, तुझ्या आईचा वाढदिवस म्हणून, शेजारणीचं, तुझ्या शेजारणीचा वाढदिवस म्हणून. माझंही झालं. "अभिनंदन, तुमच्या सहकारी बाईंच्या आईचा वाढदिवस." कुणी नुसतं बघ्या म्हणून बसत नाही. मी वाकून आजींच्या पायाला हात लावला. त्यांना वाटलं माझं काही पडलं, म्हणून त्याही वाकून खुर्चीखाली शोधायला लागल्या. सगळे हसले, आजीही हसल्या. मग त्यांनी योहानाबाईंकडे बघून डचमध्ये काहीतरी विचारलं आणि हसणं थांबलं. योहानाबाईंची बहीण ट्रूस, तिनं मला हळूच सांगितलं, "आईनं विचारलं, ही उंच बाई कोण."

परतीच्या बोटीवर बाई डेकवर उभ्या होत्या. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, किंवा वाऱ्यानं नसेलही. त्या म्हणाल्या, "आईला हे माझ्याच वयात सुरू झालं. तिनं लपवलं. आम्हाला कळलं तोवर तिला काही विचारता येण्यासारखं उरलं नव्हतं. कुठे राहायचं, तिच्या वतीनं कुणी ठरवायचं, सगळं आम्ही अंदाजानं केलं. अजून वाटतं, चुकलं." मग माझ्याकडे वळल्या. "माझा नवरा इंग्रज आहे, तो सांगणार नाही. ग्रॅहम तर मी कोसळले तरी म्हणेल, एक लहानसा मुद्दा आहे. तुला मी शिकवलंय. ज्या दिवशी माझं काम चुकायला लागेल, त्या दिवशी तू मला सांगायचं. मी विचारायची वाट बघायची नाही."

"सांगीन," मी म्हणालो.

"हा शब्द आहे?"

"शब्द आहे."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या आकडेमोडीत पहिली चूक मला दिसली. साधी होती, घाईत कुणाचीही होईल अशी. मी ती दुरुस्त केली आणि बोललो नाही. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वेळी वाटायचं, आणखी एक होऊ दे, मग सांगू.

मेडनहेडशेजारच्या स्लाऊमध्ये मी ज्या घरात राहायचो तिथे माझ्यासोबत मंदार होता, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याला सांगितलं.

"तू वेडा आहेस का?" तो म्हणाला. "सीनियर आहेत, सांभाळून घे ना. दोन वर्षांत रिटायर होतील."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द! अरे, लाइन मॅनेजर आहे ती तुझी. जुलैमध्ये तुझं व्हिसा रिन्यूअल आहे, त्या कागदांवर तिची सही लागणार. आणि काय सांगणार तू? बाई, तुमचं डोकं चालेनासं झालंय? आपल्या सरांना सांगितलं असतंस असं?"

आपल्या सरांना सांगितलं नसतं, हे खरं होतं. आमच्या शाळेत गणिताचे सर फळ्यावर चुकले तर आम्ही वहीत बरोबर उत्तर लिहायचो आणि गप्प बसायचो. त्याला आम्ही मान राखणं म्हणायचो. मी तेच केलं. बाई घरी गेल्या की त्यांच्या फाइली उघडायच्या, चुका काढायच्या, दुरुस्त करायच्या. मला वाटत होतं मी त्यांची सेवा करतोय. रात्री झोपही चांगली लागायची, हे मी आता लाजेनं लिहितो.

पण आमच्या कामात प्रत्येक फाइलीला एक नोंदवही जोडलेली असते. कुठला आकडा कुणी, कधी बदलला, ते आपोआप तिच्यात उमटतं. ऑगस्टमधल्या एका सकाळी बाईंनी तिची छापील पानं माझ्या टेबलावर ठेवली. प्रत्येक ओळीपुढे माझं नाव.

"हे तू केलंस?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. आवाज चढला नाही. "म्हणजे मार्चपासून मी फाटका कोट घालून फिरतेय आणि तू मागून चालत शिवतोयस."

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"मला दुखवून घ्यायचं होतं, प्रल्हाद. त्यासाठीच तुला सांगून ठेवलं होतं." पुढे म्हणाल्या, "पाच महिने. मार्चमध्ये मी डॉक्टरकडे गेले असते. माझं डोकं सगळ्यात चांगलं होतं ते पाच महिने तुझ्याकडे होते. मला ते हवे होते." मग त्यांनी पानं नीट जुळवली. "मीही तुला कधी विचारलं नाही. ती माझी चूक. विचारायला हवं होतं."

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याबद्दल पुढे येईलच.

त्यांनी त्याच दिवशी ग्रॅहमना सगळं सांगितलं, मार्चपासूनचे सगळे अहवाल पुन्हा तपासायला लावले आणि राजीनामा दिला. ग्रॅहम म्हणाले, इतकी घाई नको. बाई म्हणाल्या, घाई मार्चमध्ये करायची होती. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आईचाच होता. नोव्हेंबरमध्ये मेडनहेडचं घर विकून दोघं झीलंडला गेले, ट्रूसच्या घराजवळ. निरोपाच्या दिवशी मी सामान उचलू लागलो. बाई माझ्याशी नेहमीसारखंच बोलल्या. राग नाही, टोमणा नाही. टोमणा त्यांना येतच नसे. फक्त माझं काम त्यांनी एकदा तपासून चुकीचं ठरवलं होतं आणि ते तसंच राहणार होतं.

मी त्यांना तीन पानी पत्र लिहिलं. तुमचे उपकार, माझी कृतघ्नता, आईवडिलांनंतर तुम्ही, सगळं. उत्तरात एक कार्ड आलं, मागे पवनचक्की.

'पत्र मिळालं. तीन पानं, माहिती शून्य. डॉक्टर विचारतात, नेमकं कधी आणि कशात सुरू झालं. मला सांगता येत नाही. पीटर म्हणतो, तसं काही विशेष नव्हतं. तुला सगळ्यात जास्त माहीत आहे. काय, कधी, ते लिही. वाईट वाटतं असं लिहू नकोस.'

मी लिहायला बसायचो आणि उठायचो. शेवटी वाटलं, प्रत्यक्ष जावं. पुढच्या मार्चमध्ये आधी कळवून, वेळ ठरवून गेलो: दुपारी दोन ते चार. बाई बारीक झाल्या होत्या. मला ओळखलं, नाव बरोबर घेतलं, दादांच्या गुडघ्यांची चौकशी केली. कॉफी दोनदा विचारली. मग म्हणाल्या, बांधावर जाऊ. पीटरनी डोळ्यांनी मला खूण केली, जवळ राहा.

बांधावर समुद्राकडून जोराचा वारा होता. डावीकडे पाणी वर, उजवीकडे शेतं आणि घरं खाली. बाई सायकलवर पुढे, मी मागे. एका ठिकाणी त्या थांबल्या आणि मागे वळल्या.

"पत्र लिहिलंस?"

"नाही. म्हणून तर भेटायला आलो."

"भेटायला येणं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "बोललेलं माझ्याजवळ राहत नाही आता. कागद राहतो. ट्रूस वाचून दाखवेल. लवकर लिही, मला ते कळेल तोवर."

आणि पायडल मारून निघाल्या. पाठ ताठ, कोट वाऱ्यानं फुगलेला. वाऱ्याविरुद्ध त्या माझ्यापेक्षा जोरात जात होत्या. मला त्यांना गाठता आलं नाही. दूर जाऊन त्या बांधावरच्या बाकाशी थांबल्या आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते.

परतलो त्याच आठवड्यात मी पत्र पाठवलं. इंग्रजीत होतं; इथे मराठीत देतो.

प्रिय योहाना,

तुम्ही मागितलेली माहिती अशी.

मार्च, दुसरा आठवडा. शाळेमागच्या वसाहतीच्या कामात छपरांवरचं पाणी दोनदा धरलं गेलं होतं. मी दुरुस्त केलं. ती मला दिसलेली पहिली चूक.

मार्च, शेवटचा आठवडा. सर्वेक्षणवाले येऊन गेले का, असं एका सकाळी तुम्ही मला दोनदा विचारलं. मध्ये अर्धा तास गेला होता. दुसऱ्या वेळी तुम्हाला पहिली वेळ आठवत नव्हती.

एप्रिल. एका गुरुवारी तुम्ही मला साडेसातला घरी बोलावलं होतं. मी आलो तेव्हा तुम्ही पोहायला गेला होतात. डायरीत वेळ लिहिलेली होती, ती पीटरनी मला दाखवली. तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी दारातच ठरवलं. हे लिहायला पीटरची परवानगी घेतली आहे.

एप्रिल ते जुलै. आठवड्याला एखादी चूक. बहुतेक दुपारी तीननंतरच्या. सकाळच्या कामात जवळजवळ नाहीत. बेरजेत कमी, एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानावर नेताना जास्त.

जून. घरी जाताना पुलाच्या अलीकडच्या चौकात तुम्ही सायकल घेऊन उभ्या राहिलात. सिग्नल तीनदा हिरवा झाला. मग मी मागून घंटी वाजवली आणि आपण सोबत गेलो. तुम्हाला वाटलं मी योगायोगानं तिथे होतो. दोन आठवडे मी रोज तुमच्या मागे येत होतो.

जे बिघडलं नव्हतं, तेही डॉक्टरांना सांगावं. जागेवर उभं राहून पाणी कुठे तुंबेल हे तुम्ही सांगायचात, ते या सगळ्या काळात एकदाही चुकलं नाही. माझी चूक तुम्हाला पहिल्या वाचनात दिसायची. तेही शेवटपर्यंत तसंच होतं.

जुलै, शेवटचा मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत आपण नदीवरच्या बाकावर होतो. तुम्ही मला विचारलंत, "प्रल्हाद, माझं काही चुकतंय का?" ऑगस्टमध्ये तुम्ही म्हणालात की तुम्ही मला कधी विचारलं नाही. विचारलं होतं. माझ्या व्हिसाचे कागद त्या दिवशी तुमच्या टेबलावर सहीसाठी होते. मी म्हणालो, "नाही, सगळं ठीक आहे." तुम्ही म्हणालात, "मग ठीक. असतं तर तू सांगितलं असतंस."

तोवर मी एकोणीस चुका दुरुस्त केल्या होत्या.

प्रल्हाद